आधी येऊन गेलेली

"झबलं मी देणार नाही," आई म्हणाली.

ती माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभी होती आणि कपड्यांची पिशवी तिनं पोटाशी घट्ट धरली होती, जणू आम्ही दरोडेखोर. दरोडेखोर म्हणजे माझा नवरा, प्रितेश. बिचारा आदल्या दिवसापासून त्याच शर्टात होता. बाहेर पॅसेजमध्ये माझे बाबा एक लहानशी लाकडी पेटी मांडीवर घेऊन बसले होते. त्या पेटीत आमचा मुलगा होता. आठवा महिना संपत आला होता आणि तो पोटातच गेला.

"मम्मी, एकच द्या," प्रितेश म्हणाला. "ते पांढरं. त्याला असं कसं न्यायचं?"

"हॉस्पिटलचा कपडा आहे ना गुंडाळलेला. स्वच्छ आहे."

"आई, दे ते झबलं." माझे टाके ओढत होते. मोठ्यानं बोलता येत नव्हतं, नाहीतर मी ओरडलेच असते.

"वेडी का तू? मग तो परत आल्यावर काय घालशील त्याला?" आई जवळ आली. माझ्या कपाळावरून हात फिरवला. "रडू नकोस गं. थोडे दिवस जाऊ देत. येईल, तोच येईल. तू नाही का आलीस?"

प्रितेश तिच्याकडे बघतच राहिला. आमच्या घरातली ही गोष्ट त्याला ठाऊक होती, पण हसण्यावारी न्यायची गोष्ट म्हणून. आई ती खरी धरून चालते हे त्याला त्या दिवशी कळलं. मलाही त्याच दिवशी कळलं म्हणा.

नर्सनं मला विचारलं होतं, बघायचंय का, आणि मी हो म्हणाले होते. मी त्याला पाहिलं. आई मात्र खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. म्हणाली, आत्ता कशाला, येईल तेव्हा पोटभर बघू.

तर माझा मुलगा हॉस्पिटलच्या हिरव्या कपड्यात गेला. आमच्या ख्रिस्ती दफनभूमीत मागच्या भिंतीजवळ एक कोपरा आहे, तिथे त्याला ठेवलं. जागा बाबांनीच दाखवली, असं प्रितेश नंतर म्हणाला. पोचल्याबरोबर, कोणाला न विचारता.

आईची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझी आई, सुमती साळवे, जन्मभर झबली शिवत आली. पनवेलच्या कापड बाजारातल्या एका दुकानाला ती माल देते. झबली, टोपडी, दुपटी. आता कार्टूनवाले रेडीमेड कपडे आलेत, तरी पहिल्या दिवसासाठी लोक आईचंच झबलं मागतात. कारण ती शिवण बाहेरच्या बाजूला घेते. आत घेतली तर बाळाला टोचते. बटण नाही, बंद. कापड आधी दोनदा धुऊन मऊ केलेलं. गळ्यात कायम टेप. बाजारात जाते टेप घालून, लग्नाला जाते टेप घालून. एकदा उपासनेत प्रभुभोजन घ्यायला पुढे गेली तीही टेप घालूनच, आणि मी इतकी लाजले की बाकाखाली तोंड लपवलं.

बाबा, दयाराम साळवे, आपटा गावाजवळ नदीवरच्या पाणी योजनेच्या पंपावर ऑपरेटर होते. आता रिटायर आहेत. पंपाच्या आवाजात आयुष्य गेलं, त्यामुळे बोलायची सवयच राहिली नाही असं ते म्हणतात. मला वाटतं सवय आधीपासूनच नव्हती, पंपाचं आपलं निमित्त झालं.

माझ्याआधी त्यांना एक मुलगी झाली होती. जन्मली तीच गेलेली. आईला फिट्स आल्या होत्या, शुद्ध नव्हती. ती शुद्धीवर आली तेव्हा पोट रिकामं होतं आणि पाळणाही रिकामाच होता. बाबांनी सगळं उरकलं होतं. चर्चचे तेव्हाचे पाळक जुन्या वळणाचे. बाप्तिस्मा नाही, श्वास नाही, तर विधी कशाचा करायचा, असं त्यांचं म्हणणं पडलं. ना घंटा, ना गीत. आई खाईना, पिईना, बोलेना. तेव्हा शेजारची गुणाबाई, उरणकडची कोळीण, म्हावऱ्याची पाटी बाजूला ठेवून आईजवळ बसली आणि म्हणाली, "पोरी, तू रडतंस कनाला? तिला घाई झाली, म्हनून गेली. तीच येल परत. कपडं नीट ठेव तिचं."

आईनं कपडे नीट ठेवले. डांबराच्या गोळ्या घालून, पत्र्याच्या पेटीत. आणि दीड वर्षानं मी झाले.

पण आई ख्रिस्ती बाई, तीही पाळकाच्या घरात वाढलेली. गुणाबाईचं बोलणं जसंच्या तसं घेणं तिच्या जिवावर आलं असणार. मग तिनं ते आपल्या मापानं बेतून घेतलं. सगळे आत्मे देवाजवळ आधीपासून असतातच, असं तिचं म्हणणं. देवानं एका संदेष्ट्याला सांगितलं नव्हतं का, की आईच्या पोटात येण्याआधीच मी तुला ओळखत होतो? झालं तर. ओळखायला माणूस आधी असायला नको? देव पाठवतो, एखाद्याला करमत नाही, तो अर्ध्या वाटेवरून परत जातो. देव म्हणतो, जा बाबा, आई वाट बघतेय. आणि तो पुन्हा येतो.

तर मी म्हणजे ती. तिच्यासाठी ठरवलेलं शांती हे नाव मला मिळालं. तिची झबली मी घातली, तिच्या दुपट्यात मी निजले. मी जन्मल्यावर लगेच रडले नाही, तर आई म्हणाली, कशाला रडेल, तिच्या ओळखीचं घर आहे. शाळेतून उशिरा आले की, "पहिल्या खेपेला एवढी घाई केलीस, आता सगळ्याला उशीर!" भांडून दाराकडे निघाले की, "एकदा पळून गेलीस तेवढं पुरे झालं."

मला हे फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत मी सगळ्यांना सांगितलं होतं की मी स्वर्गात राहून आलेय. सत्यवती टीचरनी विचारलं, काय होतं गं तिथे? मी म्हटलं, गाद्या. टीचर हसून हसून बेजार झाल्या. आईनं मात्र मान डोलावली. तिला तो पुरावाच वाटला.

असं सगळं मजेत चाललं होतं, माझा मुलगा जाईपर्यंत.

हॉस्पिटलमधून मी आईकडेच आले. आईनं ती पिशवी माझ्यादेखत त्याच पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि ताज्या गोळ्या टाकल्या. मला तो वास सहन होईना. अंगात दूध आलं होतं, प्यायला कोणी नव्हतं. आई लापशी करायची, डोकं चेपायची, रात्री उठून पांघरूण घालायची. सगळं करायची. फक्त त्याच्याबद्दल एक शब्द काढायची नाही. काढला तर, "येईल हं."

दहाएक दिवसांनी पाळक भेटायला आले. सत्यजीत पाळक, नगरकडून नवीनच आलेले, माझ्याहून लहान. बाबांनी खुर्ची दिली. आई मशीनवर बसूनच "सलाम, पाळकसाहेब" म्हणाली. ऑर्डर होती. त्यांनी प्रार्थना केली. मग म्हणाले, "शांतीताई, बाळाचं नाव ठरवलं होतं का? नोव्हेंबरमध्ये ऑल सोल्स डेला आपण कबरस्तानात गेलेल्यांची नावं घेतो. त्याचंही घेऊ या."

 नाव विचारणारे ते पहिलेच.

"प्रांजल," मी म्हणाले.

"नको नको," आई मध्येच म्हणाली. "नाव वापरू नका. त्याला लागेल ते."

"कोणाला, काकू?"

"त्यालाच. येईल तेव्हा."

पाळकांना कळेना. मग आईनं त्यांना सगळं सांगितलं, पाय मशीनवर चालू ठेवून. आत्मे, घाई, ओळखीचं घर, मी. बाबा उठून गॅलरीत गेले.

पाळक बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. वाईट माणूस नव्हता तो. खोटं बोलता येत नव्हतं एवढंच.

"काकू, फार पूर्वी ख्रिस्ती मंडळीत काही मोठे विद्वान असं शिकवायचे," ते म्हणाले. "की आत्मे आधीपासून देवाजवळ असतात आणि मग शरीरात येतात. पण मंडळीनं ते नाकारलं."

"नाकारलं म्हणजे? मतं मागितली का?"

"तसंच काहीसं. सभा भरली होती."

"त्या सभेत एखादी बाई होती का, मूल गेलेली?"

"नसेल बहुतेक," पाळक म्हणाले. "खरंच नसेल. आत्मा नेमका कुठून येतो यावर आपल्यातही एकमत नाही, काकू. कोणी म्हणतं देव दरवेळी नवा घडवतो. कोणी म्हणतं दिव्यावर दिवा लावावा तसा आईबापांकडून येतो. पण एकदा येऊन गेलेला पुन्हा येतो, असं कोणीच म्हणत नाही. जो येतो तो नवाच."

"मग देव संदेष्ट्याला आधीपासून ओळखत होता ते?"

"देवाच्या मनात होता ना तो. देवाचा बेत होता."

आईनं मशीन थांबवलं नाही, पण वेग कमी झाला. "म्हणजे कापड कापायच्या आधी झबलं माझ्या डोळ्यांपुढे असतं, तसं?"

"हो, अगदी तसंच!" पाळक खूश झाले. बिचारे.

आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण ते काही झबलं नसतं. कापल्यावर होतं ते."

मी तिथेच थांबायला हवं होतं, पण माझा तोल सुटला. त्या हिरव्या कपड्यानं दहा दिवस माझा जीव खाल्ला होता.

"पाळकसाहेब, मला सरळ सांगा," मी म्हणाले. "माझ्याआधीची ती कुठे आहे?"

"देवाजवळ आहे."

"आणि मी?"

"तुम्ही इथे आहात."

"म्हणजे आम्ही दोघी."

"दोघी," पाळक हळूच म्हणाले.

"ऐकलंस आई? दोघी! माझा मुलगाही कोणाची पहिली खेप नव्हता. तोच होता तो. मी त्याला पाहिलंय. तू एकदा तरी विचारलंस, कसा होता म्हणून? थंड पडला होता तो, आणि तू त्याला एक झबलं दिलं नाहीस!"

मशीन थांबलं. आईनं सुईखालचं कापड सोडवलं, दोरा दातानं तोडला, झबल्याची घडी घातली. ती स्वयंपाकघरात गेली आणि पाळकांसाठी चहा करून घेऊन आली. साखर घालायची विसरली होती. पाळकांनी तो तसाच प्यायला.

त्यानंतर आई माझ्याशी नीट बोलली, पण लागेल तेवढंच. जेवतेस का, टाके दुखतात का. "येईल हं" पुन्हा म्हणाली नाही. दुपारी मशीनचा आवाज यायचा, मध्येच बंद व्हायचा, आणि डोकावलं तर ती हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसलेली असायची.  तरी माझा राग काही गेला नव्हता. घरात दोन बाया आणि दोघी आपापल्या मुलाला रडताहेत. फरक एवढाच की मी महिनाभर रडत होते, आणि तिची आत्ता कुठे सुरुवात होत होती. तीस वर्षांचं रडणं तिच्या अंगावर एकदम आलं होतं.

दोन नोव्हेंबरला सकाळी आम्ही कबरस्तानात गेलो. पाऊस संपून गवत वाळायला लागलं होतं. सगळी मंडळी आपापल्या कबरी झाडत होती, चुना लावत होती, झेंडूच्या माळा घालत होती. दरवर्षीसारखंच. आम्ही आजीची कबर झाडली, मेणबत्त्या लावल्या. आणि दरवर्षीसारखेच बाबा म्हणाले, "मी जरा बिडी ओढून येतो," आणि मागच्या भिंतीकडे गेले.

लहानपणापासून मी हे बघत आले होते. आजीच्या कबरीपाशी बिडी नको म्हणून बाबा लांब जातात, अशी आमची समजूत. आम्ही चिडवायचो, बाबांची पिकनिक म्हणून. आज मला त्याच कोपऱ्यात जायचं होतं, प्रांजलकडे. मी आणि प्रितेश निघालो. मागून चपलांचा आवाज आला. आई येत होती. ती त्या बाजूला आयुष्यात कधी फिरकली नव्हती.

बाबा भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. हातात बिडी नव्हतीच. त्यांच्यासमोर प्रांजलचा ताजा उंचवटा, आणि त्याच्या अगदी शेजारी, गवत काढून साफ केलेली एक छोटी जागा. नदीतले गोटे बाजूनं लावलेले, गुळगुळीत. आपट्याचे, पंपाजवळच्या नदीतले. जुने होते, अर्धे मातीत गेलेले, पण एकही जागचा हललेला नव्हता.

आईनं ते पाहिलं.  पिशवीतून तिनं एक कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. आत ते पांढरं झबलं होतं.

"घे. त्याचं आहे," ती म्हणाली. "मी चुकले गं."

प्रितेशनं हातानंच माती उकरली. आम्ही झबलं आत ठेवलं, बंद नीट बांधून. माती सारली. मी रडत होते, तोही रडत होता. आई खाली बसली आणि उंचवट्यावरून हात फिरवू लागली, माझ्या डोक्यावरून फिरवते तसा.

"नाक कोणाचं होतं?" तिनं विचारलं.

"बाबांचं."

"अगं बाई! पसरट?"

"पसरटच," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिचा चेहरा पार मोडला. पदर तोंडात घालून ती बराच वेळ तशीच बसली. मग तिनं डोळे पुसले आणि शेजारच्या गोट्यांकडे वळली.

"अहो," ती बाबांना म्हणाली. "कशी होती?"

बाबांनी वर बघितलं. मला वाटलं त्यांना ऐकूच गेलं नाही. पंपावर राहून कान गेलेत त्यांचे.

"तुम्ही बघितलंत ना तिला? मी नाही बघितलं. कशी होती ती?"

"केस लई होते," बाबा म्हणाले. त्यांनी खाकरून घेतलं. "काळे. पार कपाळावर आलेले. आपली शांती टकली झाली होती. हिला नव्हते केस. ही गोरी, ती तुज्यावर गेली होती. सावळी."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. ही ती नाही म्हणून."

"आता मी बघितलेली ना. चुकेन कसा?"

"मग बोलला का नाहीत हो?"

"काय बोलू?" बाबा म्हणाले. "तू जेवाया लागलीस. मशीनवर बसलीस. हिला बघून हसलीस. त्यात मी काय बोलू? मी येत होतो ना हितं. तिला एकटीला नाय सोडली कधी."

पुढच्या बाजूला पाळकांनी नावं घ्यायला सुरुवात केली होती. एकेक नाव ऐकू येत होतं. प्रांजलचं आलं तेव्हा प्रितेशनं माझा हात धरला. आईचं तिकडे लक्ष नव्हतं.

"अंगावर काय होतं तिच्या?"

बाबांनी मान खाली घातली. "माजा शर्ट. पंपावरचा, खाकी." आणि मग घाईघाईनं म्हणाले, "धुतलेला होता. धुतलेलाच होता, सुमती."

"असू दे," आई म्हणाली. "असू दे हो."

 मग ती म्हणाली, "तिचं शिवलेलं हिनं घालून फाडलं. दुसरं शिवायला हवं. केवढी होती?"

बाबांना सांगता येईना. त्यांनी बोटभर, वीतभर असं काही तोंडातल्या तोंडात पुटपुटलं, मान हलवली. शेवटी त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे समोरासमोर, आणि थोडं आतबाहेर करून एका जागी थांबवले. मग ते अंतर तेवढंच राहिलं.

आईनं पदराखालून गळ्यातला टेप काढला आणि बाबांच्या दोन हातांमध्ये धरला.